मीठ कोणाचं?

"खाल्ल्या मिठाला जागावं" ही म्हण मी तीस-बत्तीस वर्षं वर्गात शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. मुलांची वाक्यंही ठरलेली असायची... चाकर, धनी, नाहीतर राखणीचं कुत्रं. पण मीठ नेमकं कोणाचं हे कसं ओळखायचं, हा प्रश्न ना कुणा मुलाने विचारला, ना तो पुस्तकात होता. २०२४ च्या पावसाळ्यात मात्र तो आमच्या काटेवाडीत घरोघरी आला.

२८ जून २०२४. तुकोबांच्या पालखीचं देहूतून प्रस्थान त्याच दिवशी झालं आणि तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पही त्याच दिवशी मांडला. त्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना होती. वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बाईला महिना १५०० रुपये. वर्षाचा अंदाजे खर्च ४६ हजार कोटी. वयाची अट आधी ६० होती, चार-पाच दिवसांत ती ६५ झाली. (मी सत्तरीपुढची, त्यात पेन्शनर. त्यामुळे लाडकी असले तरी बाद!) पालखी आमच्या गावात येऊन धोतरांच्या पायघड्या पडल्या, मेंढ्यांचं रिंगण झालं, तोवर विठ्ठलाखालोखाल सगळ्यांच्या तोंडी फॉर्मच होता. आधार लिंक आहे का, दाखला लागेल का, अंगणवाडीच्या ताई कधी बसतात...

बाहेरगावच्या वाचकांना आमच्या गावाची तेव्हाची अवस्था थोडी सांगायला हवी. काटेवाडी म्हणजे पवारांचं गाव. त्या वर्षी मे महिन्यात लोकसभेला नणंद-भावजय समोरासमोर होत्या, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार. नोव्हेंबरात विधानसभेला काका-पुतणे, अजितदादा आणि युगेंद्र. लोकसभेला मतदारसंघाने सुप्रियाताईंना दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून दिलं आणि सहा महिन्यांनी बारामतीने दादांना लाखाच्या फरकाने. एकेका घरात घड्याळ आणि तुतारी एकाच ताटात जेवत होती. योजना आणणारा माणूस गावचा आणि त्या योजनेला निवडणुकीचं गाजर म्हणणारा पक्षही गावच्याच घरातला!

तर त्या जुलैत आमच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. फॉर्म भरून घ्यायला आली होती, पण भरायच्या आधी थांबली. म्हणाली, "बाई, एक विचारू का? आमच्या घरचं मत तुतारीला. सासूबाई म्हणतात, पैसे घेतले की मिठाला जागावं लागतं. मग घ्यायचे का नाही?"

मी तिला विचारलं, "तू मीठ कुठून आणतेस?"

"दुकानातून."

"पैसे देऊन ना? तेल, साबण, पोराची चप्पल? त्या प्रत्येकावर कर भरतेस. तो जातो सरकारात. मग हे मीठ कुणाच्या घरचं?"

ती हसली आणि फॉर्म भरला. सासूबाईंचाही भरला, त्या साठ-एकसष्टच्या असतील. सासूबाईंचं समाधान झालं की नाही ते माहीत नाही, पण फॉर्मवर अंगठा त्यांनी ठळक उठवला.

आता सामान्य बाईचं सोपं आहे. अवघड आहे पुढाऱ्याचं. जो सभागृहात उभा राहून म्हणतो की हा खर्च चुकीचा आहे, राज्य कर्जात जाईल, हे निवडणुकीसाठी चाललं आहे, त्याने आपल्या मतदारसंघात त्याच योजनेचे फॉर्म भरून घ्यावेत का? त्या वर्षी विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांनीही फॉर्म भरण्याची शिबिरं घेतली, बॅनर लावले. सत्ताधाऱ्यांनी त्यांची टर उडवली. टीका करता आणि शिबिरंही घेता? एवढं तत्त्व असेल तर तुमच्या बहिणींना सांगा ना, पैसे परत करा म्हणून.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. त्यावरूनच लिहायला बसले आहे.

कारण हा प्रश्न लाडक्या बहिणीपुरता नाही आणि आपल्यापुरताही नाही. माझा भाचा बरीच वर्षं अमेरिकेत आहे. २००९ साली तिकडे मंदी आली होती, ओबामांनी ७८७ अब्ज डॉलरच्या खर्चाचा कायदा केला, १७ फेब्रुवारीला सही झाली. तिथल्या कनिष्ठ सभागृहात रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्याने बाजूने मत दिलं नाही. मग त्यांच्या गव्हर्नरांपुढे पेच पडला, पैसे घ्यायचे की नाही. लुईझियानाचे बॉबी जिंदाल, आईवडील पंजाबातून गेलेले, त्यांनी बेकारभत्ता वाढवण्यासाठीचे साधारण ९८ दशलक्ष डॉलर नाकारले. बाकीचे घेतले. आणि पुढे त्याच वर्षी गावोगाव जाऊन भलेमोठे पुठ्ठ्याचे चेक वाटले, त्यावर आपलं नाव. पैसा त्याच योजनेतला! भाचा फोनवर हसून सांगत होता, "मावशी, अगदी आपल्याकडच्यासारखं आहे गं."

दुसरे साऊथ कॅरोलिनाचे मार्क सॅनफर्ड. हे गृहस्थ मात्र हट्टाला पेटले. राज्याच्या वाट्याचे सुमारे ७०० दशलक्ष डॉलर, बहुतेक शाळांसाठीचे, ते घेईनात. म्हणाले, जुनं कर्ज फेडायला देत असाल तर घेतो. तत्त्व म्हणून बघाल तर माणूस जिंदालांपेक्षा सरळ म्हणायचा. बोलला तसा वागला. पण मी शाळामास्तरीण, माझ्या डोळ्यांपुढे शाळा येते. तिथे दोन विद्यार्थी कोर्टात गेले, आणि जूनमध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गव्हर्नरला सांगितलं की विधिमंडळाने ठरवलं आहे, तुम्हाला पैसे मागावेच लागतील.

मला त्या बातमीने फार विचार करायला लावला. तत्त्वाला जागणारा माणूस चूक आणि न जागणारा बरोबर, असं कसं होईल? मग हळूहळू लक्षात आलं की सॅनफर्ड जे नाकारत होते ते त्यांचं नव्हतंच. गव्हर्नराच्या घरातली एक पोळीसुद्धा कमी होणार नव्हती. कमी होणार होते ते शिक्षक.

याच्या उलट शास्त्रीजी आठवतात. १९६५ साली धान्याची टंचाई होती, अमेरिकेच्या गव्हावर देश चालला होता. शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडा असं सांगितलं. सोमवारची रात्र. आधी स्वतःच्या घरी उपास केला आणि मग देशाला सांगितलं. मी तेव्हा शाळेत होते, आमच्या घरीही सोमवारी रात्री चूल थंड असायची. कुणी सक्ती केली नव्हती. आपल्या ताटातली भाकरी नाकारायचा हक्क आपल्याला असतो, आणि तो वापरणाऱ्याला लोक मानतात. पुढे २०१५ साली गॅसचं अनुदान सोडा असं आवाहन झालं, तेव्हाही कितीतरी लोकांनी सोडलं. मीही सोडलं, त्यात काही विशेष नाही, पेन्शनीत भागत होतं. पण समजा आमच्या सरपंचांनी जाहीर केलं असतं की तत्त्व म्हणून अख्ख्या गावाचं अनुदान सोडतो... गावाने त्यांना दारात उभं केलं नसतं.

माझं माहेर तालुक्याच्या जिरायत भागातलं. बारामती म्हटलं की लोकांना कालवा आणि ऊस दिसतो, पण तालुक्याला दुसरी बाजूही आहे, तिथे विहिरीचा तळ दिसायचा. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले तर आई, वडील, मोठी वहिनी, तिघंही पाझर तलावाच्या कामावर. दुपारी पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर मिलो. त्या लाल मिलोची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला तिची चव सांगायला नको आणि ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून कळणार नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती.

वडील कट्टर शेतकरी कामगार पक्षाचे. काँग्रेसला त्यांनी उभ्या आयुष्यात मत दिलं नाही. कामावरचा मुकादम एकदा त्यांना सगळ्यांसमोर म्हणाला, "काय अण्णा, मत लाल बावट्याला आणि हजेरी सरकारच्या मस्टरवर?" वडील हातोडा थांबवून म्हणाले, "दगड देवाचा, हात माझा. सरकारचं काय लागलं रे यात?" आणि पुन्हा खडी फोडायला लागले. संध्याकाळी घरी येऊन सरकारला शिव्या देणं चालूच! वेळेवर पगार देत नाहीत, माप मारतात, याबद्दल त्यांनी चार माणसं घेऊन तहसील कचेरीवर मोर्चाही नेला होता.

आता मला कुणी सांगावं, माझे वडील ढोंगी होते का?

त्या कामांमधूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगावकडे प्रयोग केला होता, दुष्काळात त्याला राज्यभर बळ मिळालं, १९७७ ला कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला, नोकरदारांच्या पगारातून. तोवर मी नोकरीला लागले होते. पगारपत्रकात तो कापलेला दिसायचा. सहकारी शिक्षक कुरकुर करायचे की आम्ही कापून घ्यायचं आणि तिकडे लोकांनी नुसतं मस्टर भरायचं. मला कुरकुर करता येईना. आईच्या हाताच्या घट्ट्यांचे पैसे आधी कुणीतरी भरले होते, आता माझी पाळी.

म्हणून म्हणते, सरकारी पैसा म्हणजे एका बाजूने आलेला आणि दुसऱ्या बाजूला गेलेला लोकांचा पैसा. मध्ये उभा असलेला पुढारी वाढपी आहे. पंगतीत वाढप्याने "माझं मीठ खाल्लंस" म्हटलं तर आपण काय म्हणू? आणि पंगतीच्या जेवणाचा बेत ज्याला पसंत नव्हता, त्या दुसऱ्या वाढप्याने तत्त्व म्हणून आपली ओळ उपाशी उठवली तर?

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. दोनदा थोडा काळ मंत्री होते, ते सोडलं तर जन्मभर विरोधी बाकावर. एसटीने फिरणारा माणूस. सरकारशी भांडून भांडून त्यांनी आपल्या दुष्काळी तालुक्यात पाण्याच्या योजना आणल्या. ते मुख्यमंत्र्यांच्या विरोधात बोलायचे आणि मुख्यमंत्र्यांकडूनच पाणी मागायचे. सांगोल्यात त्याला कुणी विसंगती म्हटलं नाही, कारण पाणी गणपतरावांच्या घरी जाणार नव्हतं.

२०२४ च्या निवडणुकीत मात्र दुसरं टोक दिसलं. ऑगस्टमध्ये अमरावतीला आमदार रवी राणा म्हणाले, आशीर्वाद दिला नाहीत तर तुमच्या खात्यातून १५०० परत काढून घेईन. मागून म्हणाले, गंमत केली. नोव्हेंबरात कोल्हापुरात खासदार धनंजय महाडिक म्हणाले की योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा. गदारोळ झाल्यावर त्यांनीही माफी मागितली. माफी मागितली हे बरं झालं, पण बोललेलं गावोगाव पोचलं होतं. मोबाईलवर बायकांनी ते ऐकलं होतं. सासूबाईंची म्हण खासदाराच्या तोंडून बाहेर पडली की तिचा अर्थ फार वेगळा होतो.

आता जरा विरोधकांकडे वळते, कारण एवढ्यावर त्यांना सुटू देणं बरं नाही.

पैसे घ्यावेत, हे झालं. पण घेतल्यावर तोंड बंद होऊ नये, आणि खरी मेख तिथेच आहे. महाविकास आघाडीने जुलैत योजनेला गाजर म्हटलं, तिजोरीत पैसा कुठे आहे विचारलं. तो प्रश्न योग्य होता. ६ नोव्हेंबरला मुंबईच्या सभेत त्याच आघाडीने 'महालक्ष्मी' जाहीर केली, महिना ३००० रुपये आणि वर एसटीचा मोफत प्रवास. म्हणजे चार महिन्यांत १५०० परवडत नाहीत पासून ३००० देतो पर्यंत! सत्ताधाऱ्यांनीही २१०० चा आकडा सांगितला. लिलावच तो. तिजोरीचा प्रश्न विचारणारं त्या मैदानात कुणी उरलंच नाही. निकालात २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांना मिळाल्या. माझ्या मते तिथे विरोधक हरले ते फॉर्म भरले म्हणून नव्हे. आपलाच प्रश्न त्यांनी आपणच गिळला.

गंमत म्हणजे त्या काळात खरं बोलले ते सत्तेच्या बाजूचे काही जण. सप्टेंबर २०२४ मध्ये नितीन गडकरी नागपुरात उद्योजकांना म्हणाले की लाडक्या बहिणीला पैसे द्यायचे असल्याने तुमची अनुदानं वेळेवर मिळतील याची खात्री नाही. आणि मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी उघड नाराजी व्यक्त केली, त्यांच्या खात्याचे ४१० कोटी लाडक्या बहिणीकडे वळवले म्हणून. आदिवासी विकास खात्याचेही ३३५ कोटी गेले होते.

ही बातमी वाचली तेव्हा मला माझी मुलं आठवली. मागासवर्गीय वसतिगृहात राहून शिकलेली, शिष्यवृत्तीचा हप्ता कधी येतो म्हणून ऑफिसच्या खिडकीशी उभी राहणारी. ती वसतिगृहं, त्या शिष्यवृत्त्या याच खात्याच्या. आमच्या गल्लीतल्या सुनेच्या खात्यात १५०० पडले याचा मला आनंदच आहे. त्यातून तिने शिलाई मशीन दुरुस्त केलं, पोराची फी भरली. पण ते कुणाच्या ताटातून आले हे विचारणारा माणूस सभागृहात हवा. तो विरोधी पक्षातला असला तर उत्तम, कारण त्याचं ते कामच आहे. त्याच्या मतदारसंघात लाखभर बायकांनी पैसे घेतले असले तरी त्याने विचारावं. "तुमच्या बहिणीही घेतात ना?" असं कुणी म्हटलं तर म्हणावं, हो घेतात, त्यांचा हक्क आहे, आता हिशेब दाखवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६ हजार कोटींवर आली आणि २१०० चा उल्लेखही नव्हता. हिशेब मागायला जागा भरपूर होती.

पण त्यासाठी एक गोष्ट सोडावी लागेल. बोर्ड.

आमच्याकडे एसटी थांब्यावर बसा, बाकड्यावर नाव. स्मशानभूमीत जा, शेडवर नाव. आमदार निधी, खासदार निधी. खासदारांचा निधी १९९३ साली सुरू झाला, आता वर्षाला ५ कोटी आहे, आपल्या आमदारांचाही २०२२ पासून ५ कोटी. तो वाईट म्हणणाऱ्या आमदाराचंसुद्धा नाव बाकड्यावर असतंच. निधी मिळाला नाही की मात्र अन्याय! २०२२ साली शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आमदारांची तक्रार होती की अर्थखातं निधी देत नाही, आणि वर्षभराने, अर्थखातं तेच, मंत्रीही तेच, फक्त तक्रार करणारे बाक बदललेले. जिंदालांचा पुठ्ठ्याचा चेक आणि आमचं सिमेंटचं बाकडं, दोन्ही सख्खी भावंडं. ज्या खर्चाला आपण विरोध केला, त्यातून झालेल्या रस्त्याचा नारळ फोडायला जाऊ नये, एवढं पथ्य विरोधकाला पाळता यायला काय हरकत आहे? रस्ता होऊ द्यावा. त्यावरून चालावं. पण फोटोत उभं राहू नये. पण हे सांगायचं कुणाला... फोटोशिवाय पुढारी म्हणजे हळदीशिवाय लग्न.

मला कधी कधी कुणी म्हणतं, तुम्ही पेन्शन सरकारची घेता आणि सरकारवर लिहिता. हो, घेते. तीस वर्षं खडू झिजवले त्याचे आहेत. आणि समजा नसते झिजवले, संजय गांधी निराधारचे घेत असते, तरी लिहिलं असतंच.

असो. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींची छाननी झाली. सव्वीस लाखांहून जास्त नावं थांबवली, त्यात चौदा हजारांवर चक्क पुरुष निघाले! एका घरात दोनपेक्षा जास्त जणी असतील तर जास्तीची नावंही गेली. आमच्या त्या सुनेच्या घरात तिघी, ती, सासूबाई आणि धाकटी जाऊ. जावेचा हप्ता थांबला. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. "बाई, मी त्या सभेला गेले होते ना, तेव्हा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढत होतं. त्यानेच झालं का हो?"

मी तिला नियम समजावून सांगितला, रेशनकार्ड काढून तीन नावं मोजून दाखवली. तिने मान डोलावली. जाता जाता दारातून पुन्हा विचारलं, "पण बाई, नक्की ना?"